हिरवी दोरी

९ जून, दुकानातून

प्रिय बोक्या,

नमस्कार, क्षेमकुशल, हवापाणी हे सगळं तू मनातच वाचून घे. तुझी तीन पत्रं आली. तिसऱ्यात तर इतकंच, "घाबरलास का? खरं सांग." जहाजाच्या शाळेत शाईची काटकसर पहिल्याच महिन्यात शिकवतात वाटतं. उत्तर देतो, पण आधी आपल्या वर्गाचे पराक्रम ऐक.

मी काकाच्या चष्म्याच्या दुकानात बसतो, हे आईने तुझ्या आईला सांगितलंच असेल. "सध्या बसतोय," असं ती सगळ्यांना सांगते. 'सध्या'वर असा जोर देते, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा उद्या पंतप्रधान होणार आहे आणि तोवर काचा पुसतोय. पण इथे करमणूक फुकट आहे. शाळा सुटल्यावर जो तो आयुष्य घडवायला निघतो आणि सगळ्यात आधी चष्मा करायला येतो.

आपली पहिल्या नंबरची हुशारबाई आली होती. डॉक्टर होणार आहे. प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला भल्या पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. काका तिच्या डोळ्यांसमोर काचा बदलत विचारत होता, "हे बरं, का ते बरं?" ती म्हणाली, "पर्याय दोनच आहेत का? चार नाहीत?" आणि हसली नाही रे. खरंच विचारत होती. नंबर वाढलाय. अक्कल होती तिथेच आहे.

मग राजबिंडा. मामाच्या ओळखीने विमा विकायला लागलाय. त्याला बिननंबरचा चष्मा हवा होता. का, तर गिऱ्हाइकाला आपण विचारी वाटावं म्हणून. आरशासमोर उभा राहून भुवया वर करून बघत होता. काकाने जाड काळी चौकट दिली. ती घालून तो विचारी दिसला नाही, विचारात पडलेला दिसला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "तुझंही काहीतरी बघू." म्हटलं, आधी तुला काही दिसतंय का ते बघ.

पण सगळ्यांवर ताण केली ती पाठबहाद्दराने. तोच, जो इतिहासाच्या पेपरात शेजारच्याचं नावसुद्धा उतरवून यायचा. त्याला वर्दी हवी आहे, आणि भरतीच्या आधी डोळ्यांचा दाखला. खुर्चीत बसला आणि तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणाला. काका असल्या महाभागांना चांगला ओळखतो. त्याने तक्ता फिरवला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत. बहाद्दराने पुन्हा तीच ओळ म्हणून दाखवली, वर विचारलं, "बरोबर ना?" मी काउंटरखाली वाकून हसलो. काका मात्र म्हणाला, "बाळा, बंदूक धरायचीय तुला. समोर कोण आहे हे पाठ करता येत नाही."

असा आपला वर्ग. कुणाला चार पर्याय हवेत, कुणाला दिसायचंय, कुणाला दिसतच नाही. आणि तू तिकडे दोऱ्यांना गाठी मारतोयस. चाललंय ते छान आहे सगळ्यांचं.

गिऱ्हाईक आलं. ठेवतो.

११ जून

परवाचं पत्र पाकिटात घातलं होतं. ते परत काढलं. ते चांगलं आहे, पण त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

जहाजाच्या शाळेत आपण दोघं मिळून जाणार होतो. तिथल्या तपासणीच्या खोलीतून बाहेर येऊन मी तुला काय म्हणालो, आठवतंय? "उलट्या करत जग बघण्यात मला रस नाही. तू जा." तू रागाने एकटाच चालायला लागलास, आणि मला बरं वाटलं, कारण तू आणखी काही विचारलं नाहीस.

आत त्यांनी माझ्यापुढे रंगीत ठिपक्यांची पानं धरली होती. ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो, तो सांगायचा. मी सत्तर म्हणालो. तो एकोणतीस होता. बाकीच्या पानांवर मला आकडाच दिसेना, नुसती डाळ सांडलेली. डॉक्टर म्हणाले, "तुला लाल आणि हिरवं वेगळं ओळखता येत नाही. हे जन्मापासून आहे. घरी कुणाला कळलं नाही?"

घरी! बोक्या, माझा काका सगळ्या गावाचे डोळे तपासतो. मी दप्तर टाकून थेट दुकानात यायचो. "हिरवी दोरी दे," म्हणून काकाने गिऱ्हाइकाच्या चष्म्याला बांधायला हात पुढे करावा आणि मी तपकिरी द्यावी. "धांदरट! लक्ष कुठे असतं तुझं?" आईने पिकलेले टोमॅटो आणायला सांगावे, मी अर्धे कच्चे आणावे. धांदरट. नकाशात जंगल तपकिरी रंगवलं, बाईंनी वही फेकली. धांदरट. तुम्ही सगळे मला धांदऱ्या म्हणायला लागलात आणि मीही मानलं, की माझं लक्ष नसतं. लक्ष होतं रे. मी डोळे फाडफाडून बघायचो.

काकाला सांगायची हिंमत झाली नाही. त्याच्या इतक्या वर्षांच्या धंद्यावर ते थुंकल्यासारखं झालं असतं. पण त्याच्या खणात तसलंच ठिपक्यांचं पुस्तक धूळ खात पडलं होतं. चष्म्याच्या गिऱ्हाइकाला रंग कोण विचारतो? ते मी काढलं, मागची उत्तरं बघून पानामागून पान पाठ केलं. पुढच्या तुकडीच्या वेळी पुन्हा तपासणीला उभं राहता येतं, हे मी विचारून ठेवलं होतं. म्हणजे परवा काउंटरखाली वाकून मी ज्याला हसत होतो, तो कोण होता ते बघ.

काल काकाला ते पुस्तक काउंटरवर सापडलं. सहज उघडून म्हणाला, "बघू तुझी नजर. सांग." आईने नुकताच चहा आणला होता, तीही थांबली. मी ऐटीत सुरू केलं. आठ. सहा. एकोणतीस. काका मान डोलवत होता. मधली दोन पानं दमटपणाने चिकटली होती, ती त्याने एकदम उलटली. मला कसं कळणार? त्याच्या हातात चौऱ्याहत्तर होता, मी पंधरा म्हणालो. पुढे दोन होता, मी चौऱ्याहत्तर म्हणालो.

काका थांबला. मागचं पान नखाने सोडवून बघितलं. त्यावर पंधरा होता.

पाठबहाद्दराला तो दोन शब्द तरी बोलला होता.  माझ्यापुढे मात्र तो भिंतीवर अडकवलेल्या दोऱ्यांकडे बघत राहिला. आई म्हणाली, "काय झालं? चुकला का? धांदरटच आहे तो." तसा काका तिच्यावर ओरडला, "त्याला धांदरट म्हणायचं नाही!" मग स्वतःचा चष्मा काढून पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "दिव्याखाली अंधार तो हाच." माझा राग असा उफाळला, की मी त्याला वाटेल ते बोललो. गावभर 'हे बरं का ते बरं' विचारत फिरतोस, मला एकदा विचारलं असतंस! त्याने ऐकून घेतलं. आई रडली, चहावर साय धरली.

आज सकाळी येऊन बघतो तर प्रत्येक दोरीला चिठ्ठी. हिरवी, लाल, तपकिरी. 'तपकिरी'तली एक वेलांटी चुकली आहे. मी ती दुरुस्त केली आणि काकाला म्हणालो, "आता धांदरट कोण?" तो हसला नाही. मीही नाही.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा, हे तूच मला सांगितलं होतंस. समोरून येणारं जहाज कुठे वळतंय, ते त्यावरून कळतं. मी तिथे उभा राहून पाठ केलेला आकडा म्हणालो असतो आणि खाली तू झोपलेला असतास. म्हणून पुढच्या तुकडीलाही मी येणार नाही. माझं पुढे काय, ते मला ठाऊक नाही. हुशारबाईचे चार पर्याय मला मिळाले, तर मी तेही बघेन. हे राजबिंड्याला कळू देऊ नकोस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, घाबरलो. समुद्राला नाही. तू "धांदऱ्या, जहाजसुद्धा चुकवलंस!" म्हणून हसशील, याला घाबरलो.

काकाने ते नाव घरात बंद केलं आहे. गावातही कुणी म्हटलं, तर आता मी ऐकून घेणार नाही. तू मात्र म्हण.

तुझाच, आणि यापुढे फक्त तुझाच,
धांदऱ्या