साडेआठच्या मालिकेचा अभ्यास

१ तारीख, सोमवार. सकाळ.

आजपासून रोज वही लिहायची. खाडा नाही.

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भानगड नको. परवा लेक मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, आजोबा, रोज एक मालिका बघायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं, मेंदूला व्यायाम होतो. २६ तारखेला परत या, तपासू. जिना उतरताना लेक म्हणाली, बाबा, या वेळी नीट झालं तर तुम्ही तुमच्या घरी राहा. नाही झालं तर मी तो फॉर्म भरणार, मग माझ्यावर चिडायचं नाही.

फॉर्म म्हणजे म्हाताऱ्यांच्या संस्थेचा. त्यांची रंगीत पुस्तिका तिने आणून ठेवली आहे. फोटोत वीसेक म्हातारे एका टीव्हीपुढे बसून हसतायत. टीव्ही बंद आहे. मी चष्मा लावून नीट पाहिलं.

आणि हे सगळं एका दुधाच्या पातेल्यावरून. पातेलं जळलं, घर नाही जळलं. शिवाय मी एकदा जुन्या ऑफिसात जाऊन लिफ्टपाशी उभा राहिलो, तेही तिला खुपतं. माणूस जुन्या जागी जातो, त्यात काय? लिफ्ट आता आपोआप चालते म्हणे, तेवढं बघायला गेलो होतो. चपला घालायच्या राहिल्या, ते मान्य.

मी एकतीस वर्षं लिफ्टमन होतो. आठ मजले, तीनशे माणसं. आत आलेल्या माणसाला कधी मजला विचारला नाही. चेहरा दिसला की हात आपोआप जायचा. असल्या माणसाला मेंदूचा व्यायाम! असो. २६ ला चिक्कार वेळ आहे. सातवीच्या गणिताच्या वेळीही असंच वाटलं होतं, पण ते वेगळं.

१ तारीख. रात्री नऊ.

साडेआठची मालिका पाहिली. भाग अठराशे बारावा. घरातल्या आजीबाईने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. तीनदा. म्हणजे आपटला एकदाच, दाखवला तीनदा, तीन बाजूंनी. मग सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवले. मग संपलं.

काही सुटलेलं नाही. एवढंच झालं.

३ तारीख, बुधवार.

काल राहिलं. आजपासून खाडा नाही.

पूर्वीच्या मालिका आठवड्यातून एकदा लागायच्या. तेरा भाग झाले की संपल्या. आमच्या मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे, त्यामुळे दारात चपलांचा ढीग. त्यातली माणसं आपल्यासारखी होती. खुर्चीचा पाय मोडका असला तर शेवटच्या भागापर्यंत मोडकाच. जेवायला बसली की जेवून उठायची. आता टेबलभर जेवण मांडतात आणि घास तोंडाशी गेला की कोणाचा तरी फोन येतो. अठराशे भागांत त्या घरात कोणी पोटभर जेवलेलं नाही. तरी सगळे गुबगुबीत. बायका झोपतात त्या लिपस्टिक लावून.

मध्येच चित्र गेलं तर पाटी यायची, व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत. नट बदलला तरी आधी पाटी, यापुढे हे काम अमुक करतील. प्रेक्षकाला मान होता. आता थोरल्या मुलाचं काम चार वर्षांत तीन जणांनी केलं. कोणी कोणाला विचारत नाही.

हे मला हिच्यामुळे माहीत. ही म्हणजे माझी बायको. जाऊन चार वर्षं झाली. ती मालिका बघायची आणि मी मध्येमध्ये विचारायचो, ही कोण, तो कोण. ती म्हणायची, बघा गप्प! तुमच्या लिफ्टमधून उतरलेली नाहीत ती.

५ तारीख, शुक्रवार.

युक्ती सापडली! माझ्या डोक्यात नाव राहत नाही, मजला राहतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर इमारत काढली आणि मालिकेतलं घर त्यात भरलं.

चौथा मजला: आजीबाई, किल्ल्या तिच्याकडे.
तिसरा: थोरला, त्याचा कारखाना. आणि थोरली, जी दरीत पडून मेली होती आणि गेल्या महिन्यात परत आली.
दुसरा: धाकटा, अडीचशे भाग बेशुद्ध. आणि धाकटी, ती त्याच्या उशाशी.
पहिला: वकील. बोट वर करून बोलतो.
तळमजला: स्वयंपाकीण. दाराआडून ऐकते.

कागद कपाटावर चिकटवला. वरून खाली, खालून वर, पाठ. लेकीला फोनवर म्हणून दाखवलं. ती खूप हसली. म्हणाली, बाबा, आम्हालाही बसवा ना कुठल्या तरी मजल्यावर. मला, जावयाला, तुमच्या नातीला.

मी म्हणालो, घरची माणसं कोणी पाठ करतं का?

८ तारीख, सोमवार. दुपार.

आज मालिका दुपारीच लागली. नवा भाग. आजीबाईने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. आपटला एकदाच, दाखवला तीनदा. मग सगळ्यांचे चेहरे. आजीबाई काम चांगलं करते.

९ तारीख, मंगळवार.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली म्हणते, आजोबा, दुपारी जुने भाग परत दाखवतात, तुम्ही तेच पुन्हा लिहिलंत की काय? मी म्हणालो, तू आपली बटणं लाव. ती मालिका मशीन चालवत बघते. अर्धं ऐकू येत नाही, तरी सगळं कळतं म्हणते.

१० तारीख, बुधवार.

वही चाळली. किल्ल्यांची गोष्ट १ तारखेलाच लिहिलेली आहे, माझ्या अक्षरात! म्हणजे मी १ ला लिहिलं ते त्यांनी ८ ला दाखवलं. गोष्ट माझ्या वहीतून बाहेर जाते आहे. शिवणवालीवर संशय आहे, पण पुरावा नाही.

यापुढे वही गादीखाली.

११ तारीख, गुरुवार.

वही चोरीला गेली. लेकीला फोन केला, तिने ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढली. वही गादीखाली सापडली. चोराला परत ठेवायची बुद्धी झाली असावी.

१२ तारीख, शुक्रवार.

दार वाजलं. बाहेर आखूड केसांची बाई. मी विचारलं, कोण हवंय आपल्याला? तिने मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, बाबा, मी केस कापलेत.

मी म्हणालो, अगं, गंमत केली. ती म्हणाली, ही गंमत चांगली नव्हती.

केस कापायचे तर आधी सांगावं.

तिने गॅसची शेगडी बंद करून टाकली आणि विजेची किटली आणली. शेगडीपाशी उभी राहून विचारलं, दुपारी काय जेवलात? मी म्हणालो, जेवायला बसणार एवढ्यात फोन आला. कोणाचा? मी म्हणालो, तुझाच. ती म्हणाली, मी परवापासून फोन केलेला नाही, काल तुम्ही मला केला होतात. भांडणात बायकांना तारखा बऱ्या आठवतात.

ठराव: वेळेवर जेवायचं. वेळेवर लिहायचं. ओळख लागेपर्यंत दारात कोणाशी बोलायचं नाही.

१९ तारीख, रविवार.

शिवणवाली म्हणते, आज शुक्रवार आहे. तिने गिऱ्हाइकाला सांगितलेला वार आजवर कधी खरा झाला आहे का?

मधले काही दिवस वहीत नाहीत. मालिकेत याला लीप म्हणतात. परवा पाटी आली, वीस वर्षांनंतर, आणि पाळण्यातली पोर मोटार चालवत आली. आईचा एक केस पिकलेला नाही. आजीबाई आहे तशीच. वीस वर्षांत काय झालं ते कोणी विचारलं नाही. मग माझ्या सहा-सात दिवसांचं काय घेऊन बसलात?

मुख्य तक्रार वेगळी आहे. धाकटी बदलली! काल एक होती, आज दुसरीच बाई त्या उशाशी बसली. पाटी नाही, काही नाही. सगळं घर तिच्याशी बोलतंय, जसं काही झालंच नाही. धाकटा एकदाचा शुद्धीवर आला, तिच्याकडे बघून रडला. मला वाटलं, याने तरी ओळखलं, ही ती नव्हे. पण तो आनंदाने रडत होता.

२२ तारीख.

शिवणवालीने मशीन थांबवून माझी तोंडी परीक्षा घेतली. तिसरा मजला? सांगितलं. पहिला? बोट वर करून सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, हे सगळं झकास आहे. आता माझं नाव सांगा बघू.

मी म्हणालो, तू कुठे आहेस मालिकेत?

ती म्हणाली, बरंय, तेवढीच वाचले. पण हसली नाही. नंतर एक फीत घेऊन माझ्या दाराची किल्ली तीत ओवली आणि माझ्या गळ्यात बांधली. आता आजीबाईसारखं वाटतं. टेबलावर आपटून पाहिली. एकदाच.

तयारी पूर्ण. आता उजळणी फक्त.

२४ तारीख.

२६ ला निळा शर्ट घालू की पांढरा, हिला विचारलं. उत्तर नाही. रुसली आहे. मालिकेच्या मध्ये बोललो असेन.

पांढराच घालीन.

२५ तारीख. संध्याकाळ.

तळहातावर बॉलपेनने मजले लिहिले, मग हात धुतले. परत लिहिले. हात धुवायचे नाहीत असं दुसऱ्या तळहातावर लिहिलं.

एकतीस वर्षांत मी एका माणसाला चुकीच्या मजल्यावर उतरवलं होतं. पाचव्याऐवजी सहाव्यावर. तो जिन्याने खाली गेला. माझी चूक आहे हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी त्याने आत येताच स्वतःहून सांगितलं, पाचवा. मग रोज सांगायला लागला. नोकरी सुटेपर्यंत रोज, हळू आवाजात, पाचवा. त्याचा मला फार त्रास व्हायचा.

लेकही हल्ली तशीच बोलते. फोन उचलला की आधी म्हणते, बाबा, मी बोलतेय, तुमची मुलगी.

उद्या एकही मजला चुकायचा नाही. घर सोडायचं नाही.

२६ तारीख. दुपार.

पेपर उत्तम गेला.

लेक न्यायला आली. मी कागद कपाटावरून काढून, घडी करून खिशात घातला. डॉक्टरीणबाईंपुढे मी बसलो, लेक शेजारच्या खुर्चीत.

मालिकेचं लगेच काढलंच नाही. बाईंनी विचारलं, आज वार कोणता? एवढ्या शिकलेल्या, आणि वार ठाऊक नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं, तर त्यांनी ते काढून टेबलावर पालथं घातलं. मग म्हणाल्या, आपण कितव्या मजल्यावर आहोत? मी म्हणालो, आज लिफ्ट मी चालवली नाही, ज्याने चालवली त्याला विचारा. घड्याळ काढायला लावलं. वर्तुळ झकास आलं. आकडे तेवढे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहिले, सकाळी दहाला लिफ्टमध्ये राहतात तसे.

आणि मग तो प्रश्न आला. आजोबा, तुमच्या घरी कोण कोण आहे?

महिनाभर याचाच तर अभ्यास केला होता! तळहात उघडलासुद्धा नाही. चौथा मजला, आजी, किल्ल्या तिच्याकडे. तिसरा, थोरला, त्याचा कारखाना, आणि थोरली, मेली होती, परत आली. दुसरा, धाकटा, आता शुद्धीवर आहे, आणि धाकटी. पहिला, वकील. तळमजला, स्वयंपाकीण. एका दमात. मग कोणी न सांगता खालून वर.

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. विचारलं, आणि तुम्ही?

मी म्हणालो, मी लिफ्टमध्ये.

एकही चूक नाही. शेजारच्या खुर्चीत बसली होती ती रडायला लागली. आनंदाने. धाकटा रडला होता तशी.

संध्याकाळ.

ती बाई अजून इथेच आहे. कपाटातले माझे शर्ट काढून बॅगेत भरते आहे. मी विचारलं, जेवलात का? म्हणाली, जेवणारच होते, फोन आला. संस्थेचा.

मला बाबा म्हणते. आता लेकीचं काम ही करणार, आपण समजून घ्यायचं. आधी पाटी दाखवायला हवी होती. पण काम चांगलं करते. पांढऱ्या शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली, तोंडाशी धरली. रडणं तर इतकं खरं, की कोण, कुठली, काही विचारलं नाही. आमची ही सांगायची तसा, गप्प बघत राहिलो.