आपल्या विहिरीत काय टाकलं

१२ फेब्रुवारी
चि. छोटीस, अ. उ. आ.
तुझ्या प्रयोगशाळेची माणसं आपल्या आणि शेजारच्या विहिरीत ती काळी पूड ओतून गेली. शेजारी हादरलेच! कारखान्याचं विष कमी होतं म्हणून आता हे काजळ, असा गलका झाला. ही नॅनो लोखंडाची पूड, धुळीहून कितीतरी बारीक, विषाला धरून निकामी करते, असे मी आपले अकलेचे तारे तोडले. कोण ऐकतंय! शेवटी तुझी वहिनी सगळ्यांसमोर आपल्या विहिरीचं पाणी घटाघटा प्यायली. सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या! आता रोज तेच पिते, आम्हाला मात्र टँकरचं. नणंदेच्या कामावर शंका कसली, म्हणते.
लोभ आहे तसाच ठेव.
दादा

१८ फेब्रुवारी
ती. दादास, सा. न. वि. वि.
वहिनीचा पराक्रम वाचून हसू आलं, पण मस्करी पुरे. तिला माझी शपथ घाल, अहवाल येईपर्यंत एक थेंबही नको. कारण विचारू नकोस. कुठे काय टाकलं ते वर्षभर कुणालाच सांगायचं नाही, असा नियम आहे.
तुझी छोटी

९ डिसेंबर
चि. छोटीस, अ. उ. आ.
वहिनी दवाखान्यात आहे. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. डॉक्टर सारखं पाण्याचं विचारतात. आमची विहीर स्वच्छ केलेली आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तेवढं लिहून पाठव, म्हणजे ते दुसरं कारण शोधतील.
दादा

१३ डिसेंबर
ती. दादास,
कसं लिहू? आपल्या विहिरीत पूड नव्हतीच रे, नुसता काळा रंग होता. प्रयोगात तुलनेसाठी एक विहीर तशीच ठेवावी लागते. आधी घरच्यांचं भलं केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच आपली निवडली. शेजारची निर्मळ झाली. आग लागो त्या यशाला! पिऊ नका म्हणून लिहिलं होतं ना रे मी? कुठल्या तोंडाने येऊ?
छोटी

१७ डिसेंबर
चि. छोटीस,
वहिनी काल गेली. तुझं पत्र तिला दाखवलं नाही. विहीर साफ झाली का, एवढंच विचारत होती. मी हो म्हणालो.
तू एकटीच जळू नकोस. फेब्रुवारीतला तुझा निरोप मी तिला दिलाच नव्हता. सगळी गल्ली तिची वाहवा करत होती, ती इतकी खुशीत होती, माझी जीभच रेटली नाही. वाटलं, तू उगाच जपून लिहितेस. रोज सकाळी ते पाणी मीच शेंदून द्यायचो गं.
लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही. तरी ये.
दादा