अम्मीची जियारत

गुढियारी, रायपूर

नुजहत आपा, सलाम.

अम्मी मजेत आहे. मिलादला तिला पैगंबरसाहेबांच्या पवित्र केसाच्या जियारतीला, म्हणजे दर्शनाला, दर्ग्यात नेलं. मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही, म्हणून हात धरून नेलं.

त्या केसाचा पुरावा मी मोहल्ल्याच्या सभेत मागितला होता, तो राग दर्ग्याची सेवा करणाऱ्या खादिमांच्या मनात होता. त्यांनी केसाच्या कुपीऐवजी तिच्यापुढे अत्तराची रिकामी शीशी धरली आणि माझ्या कानात म्हणाले, "भैया, सबूत तो इसका भी नहीं है."

अम्मीने ती डोळ्यांना लावली. "मले उजेड दिसला रे, पोट्ट्या! आता ऑपरेशन काहून करायचं?"

मी तिचा हात धरून तिला घरी आणलं.

भाऊजींचा खोकला थांबला का? तू ये, तिला ऑपरेशनला राजी कर. शीशीचं मात्र सांगू नकोस. पुरावा मी उद्याही मागेन, पण तिच्याकडे नाही.

तुझा धाकटा,
जुबेर