सिताराचा उजवा डोळा

३ नोव्हेंबर, धुळे
भडगावहून सकाळच्या एसटीनं आले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत रुजू झाले! देवपुरात खोली मिळाली. घरमालकीण ताईबाईअक्कांनी आल्या आल्या भरीत नि कळण्याची भाकरी वाढली. प्रयोगशाळेतली जोडीदारीण सितारा माझ्याच वयाची, हसरी. आमचं काम असं : वाहत्या पाण्याखाली पोलादाची पट्टी ठेवायची आणि तिच्या किंचित वर लेझर एकवटायचा. तिथं पाण्यातच पांढरी ठिणगी पेटते आणि धातूवर केसाहून बारीक चर कोरते. पाणी संथ असलं तर बुडबुडे साचून प्रकाश अडवतात. फार जोरात सोडलं तर चर थरथरतात. मधला वेग सापडायला हवा.

११ नोव्हेंबर
चर फाटकेच येतात. बुडबुडे नीट दिसावेत म्हणून यंत्राचं झाकण मी काढलं. तरी सुरक्षा-चष्म्यातून काही कळेना. मीच सिताराला म्हटलं, "काढ ना चष्मा, एकदाच बघ." तिनं काढला. पट्टीवरून उसळलेला प्रकाश तिच्या उजव्या डोळ्यात गेला.
प्रयोगशाळेच्या सरांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की झाकण नि चष्मा तिनंच आपणहून काढला. माझी नोकरी नवी आहे.

१५ नोव्हेंबर
डोळा गेला. डॉक्टरांनी काढलेला आतल्या पडद्याचा फोटो तिच्या भावानं, शेहजादनं, दाखवला. फांद्यांसारख्या शिरा, मध्ये काळा डाग.
दुपारी यंत्राला सरळ चर कोरायला लावले. पट्टीवर त्याच शिरा उमटल्या. तोच डाग.

१७ नोव्हेंबर
लेझर बंद होता. प्लगसुद्धा काढलेला. नुसतं पाणी सोडलं— ठिणगी पेटली.

१८ नोव्हेंबर
खोलीतही. नळाखाली तांब्या धरला आणि त्यावर शिरा— नळ बंद केला. अक्का म्हणाल्या, "तुना डोया इतला लाल कसा शेतस व पोरी?"

१९ नोव्हेंबर
सिताराचा फोन. आवाज शांत. म्हणाली, "त्या डोळ्यापुढे सगळा काळोख आहे गं. फक्त वाहतं पाणी दिसतं. तू नळ सोडलास, की त्याच्यापलीकडे तू दिसतेस."
मी माफी मागितली.
"मला नको सांगू. सरांना सांग."

२० नोव्हेंबर
सरांच्या दारापर्यंत गेले. परत आले. अंघोळ नाही. बादलीतलं साचलेलं पाणी चालतं— वाहता कामा नये—

२१ नोव्हेंबर
तिची अम्मी आली होती. सितारानं माझ्यासाठी पाठवलेला डबा ठेवून गेली. डबा उघडला— रडू आवरत नाही— गालावरून पाणी वाहतं— वाहतं— डोळ्यात पांढरं काही— सितारा, थांब, सांगते, आत्ताच सां