निवड रूपाची झाली होती

लिहून ठेवणार: रूपा पंजाबराव इंगळे, वय अंदाजे एकोणऐंशी, निवृत्त परिचारिका, धर्म ख्रिस्ती, राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशीम.

हा कागद मी स्वतःच्या हाताने, भरदुपारी, दार उघडे ठेवून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांना कमी दिसते, कानांना मात्र स्वच्छ ऐकू येते; डॉक्टरांनी तसे तपासून दिलेले पत्र सोबत जोडले आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस पाडलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील ऋषिकेशभाऊ म्हणाले, दुसरे नाव असल्यास ‘उर्फ’ लावून लिहा. दुसरे नाव आहे. पण उर्फ लावले की दोन्ही नावे एकाच बाईची होतात, आणि आम्ही दोघी होतो. म्हणून लावलेले नाही.

१. मंगरूळपीर येथील दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते माझ्या धाकट्या भावाचा मुलगा प्रसेनजित याला द्यावे. छप्पन सालानंतर आमच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, ख्रिस्ती मी एकटीच. त्यावरून त्याने मला कधी वेगळे धरले नाही. शेजारी अमरसिंग यांची भिंत हातभर माझ्या जागेत आहे. त्यांना मी माफ केले आहे, भिंतीला नाही. प्रसेनजितने मोजणी करून घ्यावी.

२. बँकेतील ठेव आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीच्या कुंपणासाठी द्यावी.

३. बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी, कात्र्या आणि लाल दोऱ्याचे रीळ माझ्यासोबत बाळंतपणे केलेल्या विमलबाईंना द्यावे. जुळी झाली की आधी आलेल्या बाळाच्या मनगटाला मी लाल दोरा बांधत असे. आयांना वाटे, दृष्ट लागू नये म्हणून. तसे नव्हते. अदलाबदल होऊ नये म्हणून बांधत असे. हे विमलबाईंनाही मी कधी सांगितले नाही.

४. आता जे माझे नाही त्याविषयी.

आसेगावात पंजाबराव इंगळे यांना जुळ्या मुली झाल्या. थोरली रूपा, धाकटी रुख्मिणी. मी रुख्मिणी आहे.

आम्ही नऊ वर्षांच्या असताना मिशनच्या बाई गावात आल्या. वाशीमच्या बोर्डिंगात एकाच मुलीची जागा होती. आम्हा दोघींना समोर उभे करून त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि रूपाच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे नाव वहीत लिहिले, तिला नवा फ्रॉक दिला.

मी विचारले, “मले काहून नाही?”

त्या म्हणाल्या, “बाळ, निवडणारी मी नाही. देवाच्या मनात आलं.”

न्यायला जीप आली तेव्हा रूपा नाल्यावर पाण्याला गेली होती. आई वावरात. मी खुंटीवरचा फ्रॉक घातला. “रूपा कोण?” बाईंनी विचारले. मी म्हणाले, “मी.”

नाल्यातून जीप जाताना रूपाने मला पाहिले. डोक्यावरची घागर टाकून ती पाण्यातून मागे धावली. स्वतःचे नाव नाही, माझे नाव घेऊन ओरडत होती. “रुख्मिणे! वं रुख्मिणे!” मी वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डिंगात हजेरी झाली. बाईंनी ‘रूपा’ म्हटले. मी तोंड उघडण्याआधी फाटकाकडून ‘ओ’ आली. आवाज माझ्यासारखाच. बाईंनी मान वर न करता खूण केली. रोज सकाळी तसेच झाले, आठ दिवस. नवव्या सकाळी काही आले नाही, तेव्हा मीच ‘ओ’ दिली.

त्या दुपारी आई फाटकाशी आली. आत आली नाही.

“रुख्मिणी गेली,” ती माझ्याकडे बघत म्हणाली. “आठ दिवस तापात व्हती. सकाळ झाली का ‘ओ’ द्याची. कोनी हाक मारत नव्हतं, तरी द्याची.”

“आई, मी...”

“तू रूपा हायेस. कोनी इचारलं त इतकंच सांगजो.”

आई परत गेली आणि दुसऱ्या सकाळी ‘ओ’ पुन्हा सुरू झाली.

बाप्तिस्म्याच्या वेळी ती ओ ख्रिस्तमंदिराच्या दारातून आली. नोकरीच्या पहिल्या हजेरीला व्हरांड्यातून. पुढे उपासनेत मागच्या बाकावरून. माझा आवाज पिकला, तिचा नऊ वर्षांचाच राहिला. गेल्या नाताळपासून तो माझ्या उशाशी आहे.

आमच्या मंडळीत शिकवतात की जग घडण्याआधीच देवाने आपली माणसे नावानिशी निवडली. त्यांच्या पुण्याईने नव्हे, निव्वळ कृपेने. हे ऐकून लोक सुखावतात. मला घाम फुटतो. नावानिशी म्हणजे कोणत्या नावानिशी?

५. गेल्या पावसाळ्यात मी मंडळीच्या पाळकसाहेबांना सारे सांगितले. ते म्हणाले, “रूपाताई, देवाची निवड चुकत नाही. जी जीपमध्ये बसली, तीच निवडलेली.”

“मग मागं धावत होती तिले कोनं सोडलं?”

मी म्हणाले, “तुमी हाक मारून पाहा.” रिकाम्या मंदिरात, दुपारी तीन वाजता, त्यांनी हाक मारली. “रूपा!”

माझे ओठ मिटलेले होते. ‘ओ’ माझ्या कुशीशी आली. पाळकसाहेबांनी बाक घट्ट धरला. त्यांनाही ऐकू आले होते.

मग त्यांनी कसेबसे म्हटले, “रुख्मिणी.”

मी तोंड उघडले. आवाज निघाला नाही. मंदिरात कोणीच ओ दिली नाही.

६. ऋषिकेशभाऊंनी विचारले, मिळकतीवर काही तारण आहे का? मी म्हणाले, घरावर नाही. माझ्यावर आहे, आमच्यात देवाने केलेल्या उद्धारालाही तारणच म्हणतात, आणि ते दुसरीच्या नावाचे आहे. तारण मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, हे मला कळते. पण चोरलेली वस्तू परत करता येते. ज्या जागी मी सत्तर वर्षे बसले ती जागा मी रूपाची रूपाला सोडत आहे. त्यावर माझा हक्क नाही.

७. मला पुरताना दगडावर फक्त ‘रूपा’ लिहावे. ते तिच्यासाठी आहे. पाळकसाहेबांनी ते नाव वाचल्यावर काही ऐकू आले, तर लोकांनी घाबरू नये. पोर आहे ती.

त्यानंतरचे काम प्रसेनजितचे आहे. मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आत्या, आमच्यात कोनी कोनाले निवडत नाही. ज्याचं त्यालेच चालत जा लागते.”

मी म्हणाले, “म्हणूनच तुले सांगून राह्यली.”

त्याने खड्ड्याच्या काठाशी उभे राहून एकदा, मोठ्याने, ‘रुख्मिणीआत्या’ अशी हाक मारावी. मग थांबावे. घाई करू नये, लोक कुजबुजले तरी. ओ आली तर माझे नाव मला परत मिळाले असे समजून त्याने कोणाला न सांगता घरी जावे. नाही आली, तर माती लोटावी.

हा कागद मी वाचून पाहिला. यात एक शब्दही वाढवायचा नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

(सही) रूपा पंजाबराव इंगळे

साक्षीदार:
(सही) अमरसिंग ठाकूर, शेजारी. भिंतीचा मजकूर वाचला.
(सही) अॅड. ऋषिकेश देशमुख

ठिकाण: मंगरूळपीर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५