पाणी स्वच्छ येईपर्यंत

दि. ४ मार्च

ती. ताईस, सा. न.

तुझा फोन लागत नाही, लागला तरी तू वॉर्डात ड्यूटीवर, म्हणून पत्र. पाठदुखीच्या गोळ्यांनी पोट पार जाम केलं होतं. शेवटी इलाज मीच काढला. एनिमाचा डबा आणला, न्हाणीघरात पार छताजवळ टांगला, म्हणजे प्रेशर मिळतं. रोज सकाळी साबणाचं पाणी सोडतो, ते स्वच्छ येईपर्यंत. लोकांच्या तुंबलेल्या लाइनी आयुष्यभर अशाच मोकळ्या केल्या की! बायको नाक मुरडते. मुरडू दे.

हल्ली पायात गोळे तेवढे येतात आणि शिडीवर हात लटपटतात. वय झालं, दुसरं काय.

लोभ आहेच, त्यात थोडी भर पडू दे.

तुझा
नळोबा

दि. ९ मार्च

चि. नळोबास, अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अरे शहाण्या, आतडं म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. रोज बाहेरून ढकललंस तर ते आपणहून हलायचं सोडून देईल. साबणाने आतलं अस्तर भाजतं, उंचावरून जोरात पाणी सोडलं तर आतडं फाटूही शकतं. शिवाय अंगातले क्षार वाहून जातात. तुझे गोळे बहुतेक त्याचेच. क्षार फार उतरले की हृदयाचे ठोके बिघडतात. तेव्हा डबा आधी खाली उतरव आणि आजच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घे.

एनिमा वाईट नाही, मीही वॉर्डात देते. पण भाज्या-फळं, पाणी, चालणं, तोंडाने घ्यायचं औषध, सगळं हरल्यावर, डॉक्टरांना विचारून, कधीतरी एखादा. डाव्या कुशीवर झोपायचं, नळीच्या टोकाला वंगण लावायचं, पाणी कोमट आणि सावकाश. नळी अडली तर रेटायची नाही, दुखलं की थांबायचं. दुकानातली तयार बाटली घेतली तर एका दिवसात दुसरी नाही. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल त्याने तर न विचारता हातच लावू नये. आणि पुन्हा पुन्हा गरज पडते, म्हणजे कारण शोधायलाच हवं.

एकच विचारते, खरं सांग. रक्त पडतं का?

माया आहे म्हणूनच ओरडते, राग मानू नकोस.

ताई

दि. १५ मार्च

ती. वन्सं, शि. सा. न.

तुमचं पत्र ह्यांनी मला हसत हसत वाचून दाखवलं, डबा मात्र उतरवला नाही. परवा कामावर शिडीवरून उतरताना पायच गेले. दवाखान्यात दाखल केलंय. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं, ठोके चुकत होते. आता बरे आहेत. वॉर्डातला गळका नळ बघून चुळबुळ करतात, म्हणजे सुधारताहेत.

रक्ताबद्दलचा तुमचा प्रश्न वाचताना ह्यांनी गाळला होता. तो मी आज पत्रात पाहिला आणि सरळ विचारलं. तर म्हणाले, पाठदुखीच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासून पडतंय. दिसायला नको म्हणून धुऊन टाकत होते! पाणी स्वच्छ आलं की लाइन ठीक, असं मनाशी धरून बसले होते. इतका संताप आला, की मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले. मग डॉक्टरांना सगळं सांगितलं. दुर्बिणीने आतून तपासणार आहेत.

आमच्यावरचं लक्ष कमी होऊ देऊ नका.

तुमची
भावजय

दि. २७ मार्च

ती. ताईस, सा. न.

तपासणी झाली. आधी पोट साफ करायचं औषध दिलं, क्षार तपासून, त्यांच्या देखरेखीखाली. मला लाज वाटली, इथल्या नर्सला अजिबात नाही.

आत गाठ निघाली. तुकडा तपासला, कॅन्सर आहे. पसरलेला दिसत नाही म्हणतात, पुढच्या आठवड्यात कापून काढतील. थोडं आधी आलो असतो तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तू म्हणू नकोस, बायको म्हणून झाली आहे.

तिच्यासमोर मी विनोद करतो. तीही हसते. मला फार भीती वाटते, ताई. लोकांच्या घरातली झाकणं बिनधास्त उघडली, स्वतःचं उघडायची हिंमत झाली नाही.

लोभ वगैरे लिहीत बसत नाही. रजा टाक आणि ये.

तुझा
नळोबा