तिसऱ्या वर्षीचा वेल

१६ एप्रिल २००६

हॉपचा वेल आला. काल काही नव्हतं, आज सहा कोंब — जांभळट, करंगळीएवढे. मागच्या वर्षीसारखेच, ह्यांनी मुळी पुरली होती तिथून हातभर बाजूला, कुंपणाकडे सरकून. असू दे. हेही कधी सांगितल्या जागी बसले नाहीत.

मार्च २००४ मध्ये मुळी पुरताना म्हणाले होते, "पहिली दोन वर्षं ह्याच्याकडे काही मागायचं नाही. तिसऱ्या वर्षी भरपूर फुलं, आणि त्या फुलांची आपली घरची बिअर." नोव्हेंबरात हे गेले. धीर धरायचं काम माझ्याकडे आलं.

हे तिसरं वर्ष.

२३ एप्रिल

राजसचा फोन. रविवार म्हणजे घर विकण्याचा वार. "आई, बी प्रॅक्टिकल. थ्री फ्लोअर्स, वन पर्सन." लायडनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माझी खोली तयार आहे, वैदेहीने पडदेसुद्धा लावलेत. सून चांगली आहे, तोंडावर नाही म्हणवत नाही. मी म्हटलं, हॉप निघू दे, मग बघू.

"कधी निघतो?"

"सप्टेंबरात."

"म्हणजे सप्टेंबर फायनल?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय. गॅसवर काहीच नव्हतं.

२९ एप्रिल

आरी म्हणाला, तीनच कोंब ठेवा, बाकीचे कापा. आरी म्हणजे शेजारचा. सत्तरीचा, आयुष्य बोटींवर गेलं, आता शेडमध्ये बिअर करतो. ह्यांना हे वेड त्यानेच लावलं. त्याचे पाच वेल कुंपणाला लागून पलीकडे आहेत. मला तो बूरव्राउ म्हणतो, म्हणजे डचमध्ये शेजारीणबाई. पंधरा वर्षांत नाव विचारलं नाही, अडलंही नाही.

कापलेले कोंब टाकवेनात. पीठ पेरून भाजी केली, त्यालाही वाटीभर दिली.

"बेल्जियममध्ये हे लोण्यात परततात," म्हणाला.

"त्यांना हिंग मिळत नसेल."

वाटी पुसून परत आली.

१४ मे

तीन दिवस वेल दोरीला गुंडाळते आहे, तीन दिवस सकाळी तो खाली पडलेला. आज आरी कुंपणावरून ओरडला, "उलटा फिरवताय, बूरव्राउ! घड्याळाच्या काट्यासारखा!"

म्हणजे प्रदक्षिणेसारखा. आधी सांगायचं की. मी बिचाऱ्याला उलट्या प्रदक्षिणा घालायला लावत होते. सुलट फिरवला, संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच अर्धा वळसा घेतला.

१८ जून

पाणी घालताना वेलाला दिवसभराचं सांगते. दुकानात काय नव्हतं, सायकलची चेन कुठे पडली, राजस काय म्हणाला. ह्यांना सांगायचे तेच. ह्यांच्यासारखाच तोही मध्ये बोलत नाही. आरी पलीकडे खोकतो, म्हणजे त्याला ऐकू जातं. जाऊ दे. मराठी कुठे कळतं त्याला.

११ जुलै

वेल पन्हळीपर्यंत पोचला. दोरी संपली, वेल नाही.

८ ऑगस्ट

पाऊस, पाऊस. लायब्ररीतलं हॉपचं पुस्तक तिसऱ्यांदा मुदत वाढवून आणलं. मॅट्रिकनंतर जे शिकले ते असंच, शब्दकोश मांडीवर घेऊन. हॉपमध्ये नर आणि मादी वेगवेगळे वेल असतात. बिअरला मादीचीच फुलं लागतात. नर नुसता शेजारी उभा राहिला तरी फुलांत बी धरतं आणि माल बिघडतो.

हे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं.

३ सप्टेंबर

खालचा अर्धा वेल खुडला. दोन पाट्या फुलं! हिरवी, कागदी, चुरडली की आत पिवळी भुकटी. बोटांना चिकटली ती साबणाने जाईना. वेलाला बारीक काटेरी लव असते, हे पुस्तकात होतं. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून वेलात शिरू नये, हे नव्हतं. कोपरापर्यंत लाल चट्टे. खोबरेल लावून बसले आहे.

ऊन मात्र सुरेख पडलंय. जुनी सुती साडी अंगणात पसरून फुलं पातळ घातली.

६ सप्टेंबर

तीन दिवस काठी घेऊन राखण केली, कुरडयांची करतात तशी. आज आरीने डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "उन्हात?"

"मग कुठे वाळवायचं?"

"अंधारात, बूरव्राउ. अंधारात आणि वाऱ्यावर."

त्याने मूठभर उचलून हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं. फुलं तांबूस पडली होती. वास मोज्यांचा.

आत जाऊन पुस्तक उघडलं. होतं, सगळं होतं. पान ८१. तेवढं एकच प्रकरण मी वाचलं नव्हतं. वाळवण मला कोण शिकवणार, असं वाटलं होतं.

दोन वर्षं थांबले आणि तीन दिवसांत घालवलं.

१० सप्टेंबर

वरचा अर्धा अजून शिल्लक होता, नशीब. आरी शिडीवर, मी खाली पाटी घेऊन. दोघंही पूर्ण बाह्यांत. ह्या वेळी माळ्यावर, जाळीच्या जुन्या पडद्यावर, खिडकीला काळं कापड लावून. घरभर वास — ओलं गवत आणि संत्र्याची साल.

राजस : "निघाला ना हॉप?" निघाला, पण वाळतोय.

१५ ऑक्टोबर

राजस : "वाळला?" वाळला, पण उकळायचाय.

५ नोव्हेंबर

आज उकळला. आरीचं भांडं लहान. माझ्याकडे एकच मोठं पातेलं आहे, पुण्याहून आणलेलं, सत्यनारायणाच्या शिऱ्याचं. सकाळपासून घासाघीस चालली होती, माझी माझ्याशीच. शेवटी ठरवलं, हा पाल्याचा काढा आहे. पुढचं पुढे.

आरीने सातूचं पाणी आणलं, त्यात हॉप टाकला, तासभर ढवळला, आणि गार झाल्यावर आंबवायला शेडमध्ये नेला. नंतर पातेलं चिंचेने दोनदा घासलं. देवाने काही म्हटलं नाही. वास मात्र अजून आहे, पुढचा शिरा कडवट लागला तर कोणाला सांगायचं नाही.

१९ नोव्हेंबर

ह्यांना जाऊन दोन वर्षं. राजस आणि वैदेही येऊन गेले. कोणी घराचा विषय काढला नाही.

१० डिसेंबर

पहिली बाटली आरीच्या शेडमध्ये उघडली. मी उभ्या आयुष्यात घेतलेली नाही. चमचाभर घेतली. काडेचिराईत! ह्याच्यासाठी माणसं पैसे देतात?

आरी डोळे मिटून सावकाश पीत होता. ग्लास संपल्यावर म्हणाला, "चंद्रहासला आवडली असती."

मग आम्ही दोघं बराच वेळ त्याच्या भिंतीवरची करवत बघत बसलो.

७ जानेवारी २००७

राजस : "निघाला, वाळला, उकळला, प्यायलात. आता काय राहिलं, आई?"

खरंच काही राहिलं नाही. जे ह्यांनी सांगितलं होतं ते झालं. मी म्हटलं, वेल इथे टाकून मी येणार नाही. "आण ना मग. बाल्कनी आहे." पुस्तकात पाहिलं — मार्चमध्ये, कोंब फुटायच्या आधी मुळी काढून कुंडीत लावता येते.

राजसला म्हटलं, बोलाव मकेलारला. बारा मार्चला तो दलाल घर बघायला येणार.

४ मार्च

कुदळ घेतली. ह्यांनी पुरली होती तिथूनच सुरुवात केली. वीतभर खाली ॲल्युमिनियमची पट्टी, ह्यांच्या अक्षरात : चंद्रहास, मार्च २००४. तारेने मुळीला बांधलेली. मुळी हातात घेतली तर तिचा भुसा झाला. कधीच कुजून गेलेली.

मग वेलाकडून खणत गेले. त्याची मुळी जिवंत, मनगटाएवढी. ती चालली सरळ कुंपणाखालून. आरीकडे.

मान वर केली तर तो पलीकडे उभा, टोपी हातात घेऊन.

"हा तुमचा?"

"माझा. तुमचा पहिल्याच हिवाळ्यात गेला. माझा जमिनीखालून आला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज त्याच्याशी बोलत होतात, बूरव्राउ. मी मध्ये कसा बोलू?"

आत आले. आधी हसू आलं. दोन उन्हाळे मी संसारातलं सगळं आरीच्या वेलाला सांगितलं! मग हसू थांबलं. कुदळ बाहेरच राहिली.

५ मार्च

खड्डा बुजवला. पट्टी धुऊन देवघरात ठेवली.

११ मार्च

सकाळी कोंब दिसले. राजसला मीच फोन केला, म्हटलं, त्या मकेलारला उद्या येऊ नको म्हणून सांग.

"बाबांच्या वेलासाठी?"

"बाबांचा वेल केव्हाच गेला. हा कुंपणाखालून आलाय."

"देन हूज इज इट?"

"माझा. सप्टेंबरात दोघं या, खुडायला. पूर्ण बाह्यांचं घालून या."